बापूसाहेबांचं पितळी इंजिन

त्या काळच्या अमरावतीत दोन पिकं उदंड होती, संत्री आणि सुधारणा. संत्र्याला निदान बहार असायचा, सुधारणा बारमाही. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजाचा आणि हुकूम नागपूरचा, अशी आमची तऱ्हा असल्यामुळे लोकांच्या हातात सुधारण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. मग जो तो हाताशी येईल ते सुधारत बसे. कुणी गोरक्षणाची कमिटी काढी, कुणी वाचनालयाची घटना दुरुस्त करी. आमचे शेजारी बापूसाहेब वलगावकर मात्र कमिटी वगैरेच्या भानगडीत न पडता सरळ पाना आणि हातोडी घेऊन बसत.

मी मूळचा अकोल्याचा, जठारपेठेतला. शाळेत इंग्रजी शिकवायला अमरावतीत आलो आणि बापूसाहेबांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. वलगावला त्यांची काळी कसदार जमीन होती. ती वाट्याने देऊन ते शहरात ऐसपैस राहत. उंचेपुरे, मिशा अशा की आधी मिशा दारातून आत येत आणि मागून बापूसाहेब. मी अकोल्याचा आहे हे ते मला एक दिवसही विसरू देत नसत. सकाळी बंगईवर झोके घेत हाक मारायचे, "काय अकोलेकर, आंघोळ झाली? का अकोल्यासारखं इथिसाबी पाण्याले तरसून राहिले?" यावर मी काहीही उत्तर दिलं तरी ते मांडीवर थाप मारून हसत. पुढे पुढे मी उत्तर देणं सोडलं, तरीही ते तितकंच हसत.

त्यांचं एक वचन होतं: "जुनं टाकू नाई, अन् जसंच्या तसं ठेवू बी नाई." त्याप्रमाणे त्यांनी बैलाच्या दमणीला टांग्याच्या कमानी बसवल्या. हेतू असा की वलगावपर्यंत पोटातलं पाणी हलू नये. पहिल्याच खड्ड्याला कमानींनी बापूसाहेबांना जे उडवलं ते शेजारच्या तुरीत. बैल बिचारे रिकामी दमणी घेऊन शहाण्यासारखे घरी आले. मग त्यांनी स्वयंपाकघराचा धूर काढायला भिंतीतून पत्र्याचं धुराडं नेलं. त्याचं दुसरं तोंड नेमकं आमच्या माजघराकडे निघालं. धूर थांबला नाही, त्याची फक्त बदली झाली. मी तक्रार करायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, सुधारणेचा तरास पयले शेजाऱ्यालेच होत असते."

आता या माणसाच्या जिवाला एकच कीड लागली होती. सरकार वर्षातून एकदा पदव्यांची यादी काढी आणि वर्गणीच्या पावतीच्या, पाणपोईच्या किंवा नुसत्या कुर्निसाताच्या जोरावर कुणी ना कुणी 'रावसाहेब' होई. बापूसाहेबांची एकुलती एक लेक अकोल्यात दिली होती. तिचे सासरे, म्हणजे बापूसाहेबांचे व्याही, घोड्यांसाठी एक हौद बांधून रावसाहेब झाले होते. तेव्हापासून बापूसाहेबांना लेकीकडे अन्न गोड लागेना. "पंगतीत तेईचा पाट वरता अन् माहा खालता," ते मला सांगत. "घोड्याले पाणी पाजलं म्हनून! मी आजवर मानसाले च्या पाजून राह्यलो, थे कोनाले दिसत नाई." हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई. मला हसू दाबावं लागे, कारण समोर त्यांचाच चहा असे.

अशातच एक इंजिनियर साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला. बापूसाहेब आरामखुर्ची घ्यायला गेले. तिच्यात काय सुधारायचं तेही ठरवून गेले होते. परत आले ते हातभर लांबीचं पितळेचं आगगाडीचं इंजिन कडेवर घेऊन. खेळण्यातलं नव्हे हो, खऱ्या वाफेवर चालणारं. पोटाखाली स्पिरिटचा दिवा, वर बॉयलर, बाजूला दट्ट्याचं नळकांडं, सगळं साग्रसंगीत. पण अवस्था पाहवत नव्हती. अंगभर हिरवा कळंक, धुराडं चेपलेलं, एक चाक आखडलेलं आणि बॉयलरच्या सांध्याचा डाक सुटलेला. साहेबाच्या आधीच्या कुणा साहेबाने ते आणलं होतं म्हणे.

दुरुस्तीला चांद मिस्त्री आला. चांद हा लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणारा. पितळेचं काहीही त्याच्याकडे नेलं की तो ते आधी तोंडाला लावून फुंकी. इंजिनही त्याने धुराड्यातून फुंकून पाहिलं आणि सांगितलं, "साब, आवाज तो अच्छा है." तो बढाईखोरपणात बापूसाहेबांना सवाई होता, त्यामुळे दोघांचं एका मिनिटात जमलं. दोघे मिळून ओसरीवर विटेची पूड घेऊन कळंक घासत बसले. दोघांचेही हात हिरवे झाले, इंजिन होतं तसंच. शेवटी आतून बापूसाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या. "पितळच हाय ना थे? मंग आना इकडं," म्हणाल्या आणि चिंचेच्या कोळाने, राखेने त्यांनी ते देवघरातल्या समयांबरोबर घासून टाकलं. उन्हात ठेवलं तर डोळे दिपावेत असं झालं. बापूसाहेब चांदला म्हणाले, "पाह्यलं? मी काय म्हनत होतो!" ते काहीच म्हणत नव्हते.

डाक भरला, चाक मोकळं केलं, ओसरीवर रुळांचं गोल कडं मांडलं. पण वाफ दट्ट्याच्या कडेनेच निसटे आणि चाकाला जोर येईना. दट्ट्याच्या भोवती गुंडाळायला काहीतरी घट्ट, मऊ हवं होतं. बापूसाहेबांनी वलगावच्या आपल्या शेतातल्या कापसाचं सूत काकूंकडून पिळून घेतलं, तेलात भिजवलं आणि दट्ट्याला गुंडाळलं. दिवा लावला. इंजिन आधी चांदच्या अंगावर कढत पाणी थुंकलं, मग हुंकारलं आणि फस् फस् करत निघालं. बापूसाहेब उकिडवे बसले होते, ते तसेच गुडघ्यांवर त्याच्या मागे मागे गोल फिरू लागले. "चाल्लं रे बाप्पा, चाल्लं! वऱ्हाडाच्या कापसाबिगर इंग्रजाचं इंजिन चालत नाई, लिहून ठेवा मास्तर!" मिशा घामाने ओल्या, धोतर काळं, आणि तोंडावर असा आनंद की लेकीच्या लग्नातही मी तो पाहिला नव्हता. त्या क्षणी त्यांना रावसाहेबीची आठवणही नव्हती. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे सगळ्या गावाने भलतंच सांगितलं.

महिना दोन महिने तो रोजचा कार्यक्रम झाला. संध्याकाळी दिवा लागला की ओसरीवर इंजिन फिरे आणि बापूसाहेब त्याच्याशी बोलत. "दमलं काय? पानी पाजू?" असं ते बॉयलरला विचारत. काकू आतून म्हणत, "मले कधी इचारलं नाई आजवर." इंजिनाला बापूसाहेब फुंकर घालून निववत आणि मग धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवत.

मग अकोल्यात शेतीचं आणि गुरांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. कमिशनर साहेब येणार आणि एखादी चीज पसंत पडली तर नाव वर जाणार, अशी बातमी आली. ती बातमी व्याह्यांनीच, मुद्दाम जळवायला, पाठवली होती. बापूसाहेब बंगईवरून ताडकन उठले. "इंजिन नेतो. नागपूरच्या लाटसाहेबानं पाह्यलं नसंन असं करतो." मी म्हटलं, "बापूसाहेब, चालतंय तसंच न्या." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, शेवटी अकोल्याचाच!

सुधारणा सुरू झाली. चांदने बँडच्या क्लॅरिनेटचं तोंड कापून त्याची शिट्टी केली. पुढे एका फुटक्या दिव्यावरचा सिंह बसवला. मग घंटा आली. मग छत्र आलं, कारण ड्रायव्हरला ऊन लागेल. ड्रायव्हर नव्हताच, पण उद्या बसवला तर? दोन्ही बाजूंना नावाच्या पाट्या ठोकल्या, एक मराठीत आणि एक इंग्रजीत. इंग्रजीतली मी लिहून दिली, ती त्यांना आखूड वाटली म्हणून त्यांनी तिच्यात माझ्या नकळत 'एस्क्वायर' घातलं. दिवा लावला, वाफ धरली, आणि इंजिन जागचं हलेना. नुसतं थरथरे. शिट्टी तेवढी झोकात वाजे, ती ऐकून गल्लीतली पोरं नवरदेव आला म्हणून धावत येत. तिच्यातच सगळी वाफ जाई आणि चाकांच्या वाट्याला काही उरत नसे. आमच्या कमिट्यांचंही तेच होतं म्हणा.

चांद म्हणाला, "साब, एक सिंह और बिठाते, तौल बराबर हो जायेगा." बापूसाहेब ते करणारही होते. पण काकू चौकटीत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी त्याच्या अंगावर इतके दागिने घातले, माह्या अंगावर सात जन्मात घातले नाईत. कसं चालंन थे? नवरी हाय काय?"

बापूसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः पाना घेऊन एकेक दागिना उतरवू लागले. छत्र गेलं, घंटा गेली, पाट्या गेल्या. सिंहाच्या वेळी त्यांचा हात अडला, सरकारला काय वाटेल म्हणून. शेवटी सिंहही गेला. शिट्टी मूळचीच बसवली, बारीक आवाजाची. दिव्याला मात्र एकीच्या जागी तीन वाती केल्या आणि बॉयलरभोवती सागाच्या पातळ पट्ट्या बांधल्या, म्हणजे ऊब आत राहील. त्यांच्या हयातीतली ही एकमेव सुधारणा, जिने वस्तू बिघडली नाही. इंजिन मागे डबा आणि डब्यात कापसाची इवलीशी गठाण घेऊन असं पळालं की रुळाचं कडं हलू लागलं. बापूसाहेब या वेळी ओरडले नाहीत. त्यांनी ते उचलून, चटका बसत असताना, छातीशी धरलं.

अकोल्याला आम्ही तिघे निघालो, ते, मी आणि इंजिन. इंजिन मांडीवर. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. तिथे बापूसाहेब फलाटावरून चालत थेट खऱ्या इंजिनापाशी गेले, पंचा सोडला आणि आमचं इंजिन वर धरून म्हणाले, "पाह्य बरं, हा तुहा मोठा भाऊ." वरचा ड्रायव्हर कोळशाने काळा झालेला, त्याने वाकून पाहिलं आणि आपली शिट्टी वाजवली. फलाटावरचे लोक हसत होते. बापूसाहेबांना त्याचं काहीच नव्हतं.

आता पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याने घरातली एखादी वस्तू चांगली आहे म्हटलं की यजमानाने म्हणायचं, "मंग घेऊन जा ना, तुमचंच हाय." पाहुण्याने कानाला हात लावून म्हणायचं, "नाई बाप्पा, तुमच्याजवळच शोभते." यजमानाने आणखी दोनदा आग्रह करायचा, पाहुण्याने आणखी दोनदा मान हलवायची, मग चहा येतो. बैलजोडी, पानदान, तिवई, काय वाटेल ते असं रोज दिलं जातं आणि कधी कुणी नेत नाही. देणाऱ्याचा मान राहतो, घेणाऱ्याचाही राहतो आणि वस्तू जागच्या जागी राहते. यापेक्षा शहाणी रीत मी कुठे पाहिली नाही.

प्रदर्शनात कमिशनर साहेब आले. बैल पाहिले, सरकी पाहिली, कोबीचा एक गड्डा व्याह्यांनी दोन हातांनी उचलून दाखवला तोही पाहिला. मग मांडवाच्या टोकाला इंजिन फिरत होतं तिथे ते थबकले. आणि काय सांगू, तो सहा फुटी साहेब टोपी काढून मातीत गुडघ्यांवर बसला! गठाण घेऊन इंजिन फेऱ्या घालत होतं, बारीक शिट्टी वाजत होती, आणि साहेबाचे डोळे त्याच्यामागे फिरत होते. बापूसाहेब समोर गुडघ्यांवर, साहेब इकडे गुडघ्यांवर. दोघांच्या तोंडावर एकच भाव होता.

या साहेबाला मराठी येई, हीच आमची साडेसाती. पुण्याच्या कुणा मुनशीकडून शिकून परीक्षा दिलेली, अगदी पुस्तकी. तो म्हणाला, "किती सुंदर आहे हे! लहानपणी मला असेच इंजिन हवे होते. वडिलांनी कधी घेऊन दिले नाही."

बापूसाहेबांच्या तोंडून, श्वास सुटावा तसं सुटलं, "मंग घेऊन जा ना साहेब, तुमचंच हाय."

साहेबाला मराठी येत नसतं तर इंजिन वाचलं असतं. त्याला शब्द न् शब्द कळला. तो उठला, त्याने बापूसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "आपण फार उदार आहात. मी हे कधीही विसरणार नाही." बापूसाहेब अजून साहेबाने कानाला हात लावण्याची वाट पाहत होते. दुसरा आग्रह तर त्यांच्या ओठावर आलेलाच होता, तोही सवयीने बाहेर पडला, "नाई नाई, घ्याच तुमी." साहेबाने चपराशाला खूण केली. दिवा विझवला, पाणी ओतलं, आणि इंजिन कमिशनर साहेबाच्या मोटारीत जाऊन बसलं.

मी बापूसाहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, "साहेबाला रीत माहीत नाही. मी इंग्रजीत नीट समजावतो, तो भला माणूस दिसतो, देईल परत." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी म्हणाले, "देल्ला शब्द वापस घेऊ? मी काय अकोल्याचा हाय काय?" या वेळी ते हसले नाहीत. परतीच्या गाडीत पंच्याची घडी तेवढी मांडीवर होती.

पुढच्या यादीत बापूसाहेब रावसाहेब झाले. अमरावतीत जो तो त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "काय डाव टाकला बापूसाहेब! एका खेळन्यात सरकार खिशात घातलं!" चांद मिस्त्रीने बँड लावून मिरवणूक काढली आणि ही पदवी मुळात त्याच्या शिट्टीमुळे मिळाली असं चौकाचौकांत सांगितलं. ती शिट्टी बापूसाहेबांच्या ओसरीच्या कोनाड्यात पडली होती. व्याह्यांनी लेकीकडे जेवायला बोलावून पाट आपल्या बरोबरीने मांडला. बापूसाहेब दोन घास खाऊन उठले. व्याह्यांना वाटलं, डाळीत मीठ कमी असेल. गाव त्यांना लबाड म्हणत होतं, आणि ते ऐकून घेत होते, कारण खरं सांगणं म्हणजे इंजिनासाठी रडलो असं सांगणं. चांद म्हणाला, "साब, दूसरा बना देते, उससे बढ़िया." त्यावर नुसतं "थेच पायजे" म्हणाले आणि भिंतीकडे पाहत बंगईला पायाने रेटा दिला.

काकूंनी मला एकदा हळूच सांगितलं, "संध्याकाळी अजूनबी ओसरीवर जाऊन बसते हो मानूस. पंचा उलगडते, इंजिनाच्या वाती वळते." काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही तिथे थांबवेना.

वर्षाने कमिशनर साहेबाच्या बंगल्यावर पदवीवाल्यांसाठी चहापान झालं. आमचे मुख्याध्यापक अंथरुणाला खिळले होते म्हणून त्यांच्या जागी मी गेलो. रावसाहेब बापूसाहेब जरीचा फेटा, लांब कोट घालून आले होते. वऱ्हाडातले सगळे राव तिथे बिस्किटं चहात बुडवत होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, गोल टेबलावर इंजिन होतं. पितळेवर पुन्हा हिरवी झाक आली होती. धुराड्यात पाणी घालून गुलाबाची फुलं खोचली होती.

साहेब फिरत फिरत आमच्याकडे आला. बापूसाहेब घसा साफ करून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, हे इंजिन लय सुंदर हाय."

आणि त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

साहेबाने हसून मान लववली. "थँक यू, रावसाहेब."

बापूसाहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. "असं इंजिन अख्ख्या वऱ्हाडात नाई, साहेब."

"नाहीच मुळी!" साहेब खुशीत म्हणाला. "मी सर्वांना हेच सांगतो." आणि तो व्याह्यांशी कोबीबद्दल बोलायला पुढे गेला.

बापूसाहेब टेबलाजवळ सरकले. मग त्यांनी धुराड्यातली फुलं काढून टेबलावर ठेवली, इंजिन तिरकं करून बशीत पाणी ओतलं, आणि फेट्याचा जरीचा शेमला मोकळा करून तो आत घालून पुसू लागले. दट्ट्याशी बोट नेऊन त्यांनी सूत चाचपलं. ते कुजलं होतं. तेवढ्यात दाराशी उभा असलेला चपराशी जवळ आला आणि हळू आवाजात, माणूस वाईट नव्हता, म्हणाला, "रावसाहेब, हात नोका लावू. मेमसाहेब खपा होतीन."

बापूसाहेबांनी हात काढून घेतला. "बरं," म्हणाले. मग टेबलावरची फुलं गोळा केली, देठ सारखे केले आणि एकेक करून पुन्हा धुराड्यात खोचून ठेवली.